खरं तेच सांगायचं

मास्तरांचा घात त्यांच्या खांद्यांनी केला, असं त्यांचे सासरे म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तरणतलावावर लोकांना पोहायला शिकवण्यात गेलेली. पाण्याला भिणारी पोरं, पोरांपेक्षा जास्त भिणारे त्यांचे बाप, गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पाण्यात धाडलेल्या बायका, अशा सगळ्यांना त्यांनी तरंगायला लावलं होतं. त्या कामाने खांदे असे रुंद झाले होते, की शर्ट घ्यायला गेलं की दुकानदार आधी खांद्यांकडे बघे आणि मग मान हलवी. पुढे आजार आला तो अंगभर भिनला, पण खांद्यांपर्यंत त्याची खबर काही पोचली नाही. माणूस आतून पोखरला आणि चौकट मात्र शाबूत राहिली.

सुरुवात साध्या तापाने झाली. ताप गेला, थकवा राहिला. चार दिवसांत उतरेल म्हणता म्हणता तो घरचाच होऊन बसला. थकवा हा शब्दही खरं तर चुकीचाच, कारण थकलेला माणूस झोपला की ताजा होतो. मास्तर झोपून उठत ते झोपताना होते त्याहून दमलेले. एखाद्या दिवशी बरं वाटे. मग भांडी घासून होत, कोपऱ्यावर जाऊन येणं होई. पण त्याची वसुली दुसऱ्या दिवशी अशी व्हायची, की दात घासायला उचललेला हात अर्ध्यातच खाली यायचा. बोलता बोलता शब्द हरवत. उजेड डोळ्यांत खुपे. तपासण्या सगळ्या झाल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. शेवटी घरच्या डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग असं नाव सांगितलं.

"यावर गोळी नाही," ते म्हणाले. "अंगात जेवढी ताकद आहे तेवढ्यातच भागवायचं. पोहण्याचं तर नावच काढू नका."

नाव मिळालं, पण नावाने घर चालत नाही. मास्तरांचा पगार थांबला. बायको बेकरीत पहाटेच्या पाळीला होतीच, तिने दुपारचीही पाळी घेतली. ती केसांत पीठ घेऊन घरी यायची. जिन्यात तिची पावलं वाजली की मास्तर पलंगावरून धडपडत उठून खुर्चीत बसायचे, जणू दिवसभर तिथेच होते. हे तिला कळत होतं. तिला कळतं हे त्यांनाही कळत होतं. पण दोघंही त्यावर चकार शब्द काढत नसत.

आजारपणाच्या भत्त्याचा विषय तिनेच काढला. मास्तरांनी कानांवर हात ठेवले.

"फुकटचं खाणाऱ्यातला मी नाही."

"फुकटचं कसं? इतकी वर्षं पगारातून कापून घेतलंय ना?" ती म्हणाली. "आणि तुला नको असेल तर राहू दे. मला हवाय. मला एक पाळी सोडायचीय."

अर्ज गेला, घरच्या डॉक्टरांचा दाखला गेला आणि भत्ता कार्यालयातून तपासणीचं बोलावणं आलं.

आदल्या संध्याकाळी तलावावरचा लाइफगार्ड भेटायला आला. मास्तरांचा जुना जोडीदार, मनाने चांगला, तोंडाने फटकळ. त्याने मास्तरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुला बघून कोण म्हणेल रे आजारी? आत जाशील तर त्यांना वाटेल हा डॉक्टरांचं कपाट उचलायला आलाय." मग तो पुढे सरकून बसला. "माझ्या मेहुण्याला पाठीचं दुखणं होतं, म्हणून सांगतो. चांगल्या दिवसाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ते विचारतील, चालता येतं का? तू म्हणशील कधी येतं, कधी नाही. ते लिहिणार, येतं. त्यापेक्षा सगळ्यात वाईट दिवस असतो ना, तोच रोजचा दिवस म्हणून सांग. आणि असा ताठ जाऊ नकोस बाबा."

"म्हणजे सोंग करू?"

"आजार खरा आहे ना? मग सोंग कसलं? दिसत नाही ते दाखवायचं, एवढंच."

कोपऱ्यात सासरे बसले होते. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत. जन्मभर टपाल वाटलेला माणूस. आता पाय साथ देत नव्हते आणि कानही कमी झाले होते, पण कान फक्त काम सांगितलं की कमी होत. त्यांनी आपली काठी उचलून मास्तरांच्या पलंगाला टेकवून ठेवली.

"सगळी सोंगं आणता येतात जावईबापू, पैशाचं तेवढं येत नाही. न्या ही. मी उद्या कुठे जातोय?"

सकाळी निघताना मास्तरांनी काठी घेतली.

कार्यालयातली बसायची खोली लांबट होती, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. एक हलला की रांगच्या रांग हलायची. मास्तरांच्या शेजारी एक बाई बसली होती. कपडे इस्त्रीचे, केस नीट बांधलेले, बोटांवर सुईचे बारीक डाग. चेहरा मात्र असा फिकट, की मास्तरांनी तो ताबडतोब ओळखला. आरशात रोज बघत होते ना.

"दादा, तुमचं काय?" तिनेच विचारलं. मास्तरांनी सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, माझंही तेच. पहिल्यांदाच भेटतंय कुणीतरी."

ती टेलर होती. एका दुकानात कपडे दुरुस्त करायची, उसवणं, आखूड करणं, आत घेणं. दोन वर्षं झाली होती तिला. बहिणीकडे राहत होती आणि बहिणीचा नवरा आता जेवताना तिच्याकडे बघत नाही, असं तिने हसत सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, आत काय विचारतात हो? काय सांगायचं असतं? मला बाई कुणी सांगणारच नाही."

मास्तरांच्या दोन गुडघ्यांमध्ये सासऱ्यांची काठी होती. लाइफगार्डने सांगितलेलं सगळं जिभेवर होतं. चार वाक्यांचं काम. पण ते सांगायचं म्हणजे ही काठी का, तेही सांगण्यासारखंच झालं असतं. समोर खिडकीत कारकून बसला होता. मास्तरांना वाटलं, तो ऐकतोय. चोराच्या मनात चांदणं.

"काय सांगायचं म्हणजे?" ते म्हणाले. "खरं तेच सांगायचं, ताई."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि तिला फार बरं वाटल्याचं दिसलं. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, कपडे सारखे केले आणि सरळ चालत आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर आत जात होते. "चांगल्या आहेत डॉक्टरीणबाई," ती कुजबुजली. "सगळं ऐकून घेतलं."

डॉक्टरीणबाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. मग प्रश्न सुरू झाले. चालता येतं का? नाही, काठीशिवाय नाही. स्वयंपाक? नाही. अंघोळ? बायको मदत करते. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या दिवशी खरं होतं. त्या दिवशी मात्र मास्तर स्वतः अंघोळ करून, बसच्या थांब्यापर्यंत काठी काखेत धरून चालत आले होते. उठताना त्यांनी काठीवर भार टाकला आणि थोडं वाकले. बाईंनी स्वतः उठून दार उघडलं. त्या उघडलेल्या दाराचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी आले तर सासरे सकाळी होते त्याच खुर्चीत. काठी नाही म्हणून दिवसभर उठलेच नव्हते. टेबलावरचा पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरापलीकडे होता, तोही तसाच भरलेला.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले, आणि त्यांना तांब्यातलं पाणी ओतून दिलं.

भत्ता मंजूर झाला. बायकोने दुपारची पाळी सोडली आणि त्या रविवारी ती इतकी झोपली, की सासरे दोनदा दारातून डोकावून गेले. मास्तरांना वाटलं, चला, आता सुटलो. पण एकदा आणलेलं सोंग उतरवता येईना. बाहेर पडायचं तर काठी घ्यावी लागे, कारण कोण कुठून बघेल याचा नेम नाही. सासऱ्यांना दुसरी काठी आणली. ते म्हणायचे, "घरात दोन काठ्या आणि मारायला कुणी नाही." मास्तर हसत, पण हसू पोटापर्यंत जात नसे. चांगल्या दिवशी खिडकीशी उभं राहिलं तरी मनात पाल चुकचुके. आपण आजारी आहोत की आजारी असल्याचं दाखवतोय, हेच कधी कधी त्यांना समजेनासं होई. मग दुसऱ्या दिवशी अंग दगडासारखं पडलं की जवळजवळ सुटल्यासारखं वाटे. खरोखरच आजारी आहोत तर.

एके दुपारी सासऱ्यांची पँट टेलरकडून आणायची होती. दुकान अगदी गल्लीच्या टोकाला, म्हणून मास्तर काठी न घेताच गेले. आत मशिनवर डोकं टेकून एक बाई बसली होती. दाराची घंटा वाजली तशी तिने मान वर केली. तीच होती. इस्त्री मोडलेली, डोळ्यांखाली काळं.

"अय्या, दादा तुम्ही?" ती म्हणाली. "काठी कुठाय?"

"आज जरा बरं आहे."

"छान, छान. भत्ता मिळाला ना तुम्हाला?" मास्तरांनी मान हलवली. "मला नाही मिळाला. म्हणून परत येते आता, अर्धा दिवस. मालक बरे आहेत, झोप लागली तर ओरडत नाहीत." तिने पँट शोधून कागदात बांधली. "मी खरं तेच सांगितलं हो, तुम्ही म्हणालात तसं. बरा दिवस असला तर शिवते, नाहीतर पडून असते, असं. माझंच सांगताना काहीतरी चुकलं असणार. तुम्हाला जमलं, मला नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्तरांना सोसवला असता.

"अपील करा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मुदत असेल अजून. मी येतो बरोबर, सोबत कुणी आलेलं चालतं. आणि ताई, चालता येतं का, शिवता येतं का, एवढंच ते विचारतात. आपण पुढचं सांगायचं. शिवल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते. त्यांनी नाही विचारलं तरी."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं, की यात खोटं काहीच नव्हतं. हे तर त्या दिवशीही सांगता आलं असतं. तिला, आणि डॉक्टरीणबाईंनाही. काठीची गरजच कुठे होती?

रात्री त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकताना कपड्यांच्या घड्या घालत होती. टेलरबाईंचा भाग येईपर्यंत तिचे हात चालू होते, मग थांबले.

"तिला खरं सांग म्हणालास? काठी हातात धरून?"

"हो."

"आणि आता अपिलाला तिच्याबरोबर जाणार. तिथे तुला कुणी ओळखलं म्हणजे?"

"ओळखलं तर ओळखलं."

"तुझं मन हलकं होईल," ती म्हणाली, "आणि परत दुपारची पाळी माझ्या डोक्यावर येईल. हे तुला दिसतंय ना?"

मास्तरांना दिसत होतं. तेच तर दुखत होतं. एकीचं देणं फेडायला गेलं की दुसरीच्या खिशात हात घालावा लागत होता. बायको बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत राहिली.

"जा," ती शेवटी म्हणाली. "नाही गेलास तर मला रोज तुझं हे तोंड बघावं लागेल."

अपिलाच्या दिवशी मास्तर काठी न घेता गेले. टेलरबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर होती आणि दोघं जिन्यात प्रत्येक वळणावर थांबत, एकमेकांना हसत वर पोचले. वरच्या वऱ्हांड्यात बाकावर बसतात न बसतात तोच समोरच्या दारातून त्याच डॉक्टरीणबाई फाइली छातीशी धरून बाहेर आल्या. दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या. मास्तरांचे खांदे विसरण्यासारखे नव्हतेच.

"तुम्ही ना? काठी लागायची तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता नाही लागत?"

आज बरं आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दुकानात भागलंच होतं. पण शेजारी टेलरबाई बसल्या होत्या, आणि त्या कौतुकाने मास्तरांकडे बघत होत्या.

"ती काठी माझी नव्हती," मास्तर म्हणाले. "सासऱ्यांची होती. आजार माझाच आहे. पण काठी नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा हळूहळू कोरा झाला. "मला हे कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. त्या गेल्या.

वऱ्हांड्याच्या टोकाला कुणीतरी जड काहीतरी ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," टेलरबाई अखेर म्हणाल्या. "तेव्हाच. काय सांगितलं की मिळतं ते."

"हो."

"आणि मला म्हणालात, खरं सांग."

मास्तर काहीतरी म्हणायला गेले, पण नेमके तेव्हाच शब्द सापडेनात. तोंड उघडं राहिलं, तसंच मिटलं. आजाराने होतं असं, नेहमीच होतं. पण त्या घडीला ते सुद्धा सोंगच वाटलं असेल.

आतून नाव पुकारलं. त्या उठल्या. मास्तरही उठू लागले, तशा त्या म्हणाल्या, "नको दादा. मी एकटी जाते. तुम्ही बसा." दादा म्हणाल्या, पण ते सवयीने म्हटलेलं होतं. दार लागलं. मास्तर थोडा वेळ बसले आणि मग, त्या बाहेर यायच्या आत, जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरले. टेलरबाईंसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळून होते. बायको कामावर जाण्याआधी उशाशी पाणी आणि भाकरीचे तुकडे झाकून ठेवून जायची. बोलायची कमी. मधेच फेरतपासणीचं पत्र आलं, आणि त्या दिवशी ती बेकरीत रजा टाकून त्यांना रिक्षातून घेऊन गेली. या वेळी दुसरे डॉक्टर होते, वयस्कर, कंटाळलेले. त्यांनी काठीबद्दल विचारलं.

"काठी नसती तर मागच्या वेळी तुम्ही लोकांनी माझे खांदेच बघितले असते," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, चांगला दिवस, वाईट दिवस, दुसऱ्या दिवसाची वसुली. मधे शब्द हरवले तेव्हा थांबले, डॉक्टर वाट बघत राहिले. निर्णय आला तो असा: आजार खरा, जबाब खोटा. भत्ता काही महिने बंद, त्यानंतर कमी दराने सुरू. लाइफगार्ड म्हणाला, "एवढ्यावर निभावलं म्हणून देवाचे आभार मान, आणि पुढच्या वेळी तोंडाला कुलूप लाव."

बायकोने दुपारची पाळी परत धरली. कधी कधी मास्तरांना वाटायचं, तिने भांडावं, ताट आपटावं, काहीही. ती फक्त म्हणायची, "जेवलास का?" आणि ते हो म्हणायचे.

पुढे एकदा सासरे भाजी आणायला गेले होते, ते नेहमीपेक्षा उशिरा परतले. पिशवी टेबलावर ठेवून मास्तरांच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले.

"ती पँटवाली भेटली," ते म्हणाले. "बागेच्या बाकावर बसली होती ऊन घेत. तिला मिळाला म्हणे भत्ता. दुकान सोडलंय. वेगळी खोलीही घेतलीय बहिणीच्या घराजवळ."

मास्तर उठून बसले. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुम्ही कसे आहात, ते मीच सांगितलं. पडून असतात म्हटलं. मला वाटलं, झालं, आता जावं. तेवढ्यात विचारते, त्यांना सकाळी बरं असतं की संध्याकाळी?" सासऱ्यांनी हात झटकले. "आता मला काय ठाऊक? विचारून सांगतो म्हटलं. काय सांगू?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, कार्यालयात नाही, घरीही नाही. तिने सहज विचारलं असेल, आजाऱ्याने आजाऱ्याची चौकशी करावी तसं. नाहीतर भेटायला यायचंही मनात असेल. माफी होती की नव्हती, हे त्या एका प्रश्नावरून कळायला मार्ग नव्हता, आणि मागायचा अधिकार आपल्याला आहे असंही मास्तरांना वाटेना.

"संध्याकाळी," ते म्हणाले. "संध्याकाळी जरा बरं असतं, म्हणावं."

सासऱ्यांनी तो निरोप नेला की वाटेत विसरले, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून ऊन उतरलं की ते केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसू लागले. बायको कामावरून यायची, त्यांच्याकडे बघायची आणि पीठ झटकत आत जायची.